रिपोर्टवरची सही आणि सहीमागची लॅब

रक्ताचा रिपोर्ट हातात पडला की आपण दोन गोष्टी बघतो. एखादा आकडा जाड अक्षरात आहे का आणि खाली डॉक्टरांची सही आहे का. जाड आकडा दिसला की पोटात गोळा येतो, सही दिसली की विश्वास बसतो. पण तो आकडा कुठून आला, कसा आला, वाटेत त्याचे काय काय होऊ शकले असते, हे आपण विचारत नाही. अडचण अशी की, ज्यांना पुढे आयुष्यभर त्या रिपोर्टवर सही करायची आहे, त्या शिकाऊ पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांनाही हे पुरेसे शिकवले जात नाही. या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही हाच विषय घेतला आहे. लॅबचे व्यवस्थापन आणि मान्यता हे शब्द कोरडे वाटतील. पण ज्या घरात एकदाच तपासणी करण्यापुरते पैसे असतात, त्या घरासाठी हा विषय कोरडा नाही. पैसेवाल्याला शंका आली तर तो दुसऱ्या लॅबमध्ये जातो. गरिबाला एकच रिपोर्ट मिळतो आणि त्यावरच त्याचे औषध, ऑपरेशन, कधी कधी लग्नसुद्धा ठरते.

आधी पॅथॉलॉजिस्ट कोण, ते समजून घेऊ. एमबीबीएस झाल्यानंतर तीन वर्षांचे एमडी पॅथॉलॉजी केलेला डॉक्टर म्हणजे पॅथॉलॉजिस्ट. गाठ कॅन्सरची आहे की साधी, हे सूक्ष्मदर्शकाखाली बघून तो सांगतो. रक्ताच्या पेशी, बोन मॅरो, बायोप्सी, शवविच्छेदन हे सगळे तो शिकतो. हे शिक्षण कठीण आहे आणि ते घेणाऱ्यांबद्दल आम्हाला आदर आहे. पण एमडी झाल्यावर हाच डॉक्टर एखाद्या जिल्हा रुग्णालयात किंवा खासगी लॅबमध्ये प्रमुख म्हणून बसतो. आता त्याच्यासमोर फक्त स्लाइड नसते. चार मशीन असतात, सहा टेक्निशियन असतात, रिएजंटचा फ्रिज असतो, संपत आलेले किट असतात, वीज गेलेली असते आणि वॉर्डातून सिस्टरचा फोन येत असतो. हे सगळे सांभाळायचे कसे, हे त्याला कोणी शिकवले?

१२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका प्रकरणात स्पष्ट केले की, लॅबच्या रिपोर्टवर सही करण्याचा अधिकार पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनाच आहे. निर्णय योग्य होता. पण सहीचा अधिकार आला म्हणजे सहीमागच्या सगळ्या कामाची जबाबदारीही आली. एमडीच्या अभ्यासक्रमात गुणवत्ता नियंत्रण आणि लॅब व्यवस्थापन हे शब्द आहेत. प्रत्यक्षात काय होते? आम्ही काही परिचारिका आणि कार्यकर्त्या अनेक वर्षे वॉर्डात आणि शिबिरांत निवासी डॉक्टरांबरोबर काम करत आलो आहोत. आमच्या पाहण्यात हा भाग परीक्षेच्या तोंडावर एक-दोन व्याख्यानांत उरकला जातो. व्याख्या पाठ होतात, टीप लिहिली जाते, गुण मिळतात. सकाळी आठ वाजता मशीनचा कंट्रोल चुकला तर आज रुग्णांचे रिपोर्ट सोडायचे की थांबवायचे, हा निर्णय मात्र तीन वर्षांत एकदाही त्याला स्वतः घ्यावा लागत नाही. तो निर्णय एखादे अनुभवी टेक्निशियन दादा घेतात आणि डॉक्टर सही करतात.

चुका होतात कुठे? लोकांना वाटते मशीन चुकते. लॅबमधल्या बहुतेक चुका मशीनपर्यंत नमुना पोहोचण्याच्या आधीच होतात, हे आता जगभर मान्य झाले आहे. परिचारिकांना हे रोज दिसते. ज्या हाताला सलाईन चालू आहे त्याच हातातून रक्त घेतले तर रक्त पातळ होते आणि ग्लुकोजचे सलाईन असेल तर साखर भलतीच वाढलेली दिसते. बारीक सुईने जोर लावून ओढले किंवा ट्यूब जोरात हलवली तर तांबड्या पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटे वाढते. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधले रक्त लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये ओतले तर पोटॅशियम वाढते आणि कॅल्शियम घटते. साध्या ट्यूबमधले रक्त पेशी वेगळ्या न करता तसेच ठेवले तर त्यातली साखर दर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी कमी होत जाते. म्हणजे गावातल्या शिबिरात सकाळी उपाशीपोटी घेतलेली १४० साखर चार तासांनी तालुक्याच्या लॅबमध्ये ११० च्या आसपास दिसू शकते. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेहाची शक्यता. त्या माणसाला मधुमेह आहे, पण रिपोर्ट म्हणतो नाही. मशीन बरोबर, टेक्निशियन बरोबर, सही खरी आणि रिपोर्ट खोटा.

म्हणून लॅबचा प्रमुख होणाऱ्या डॉक्टरने रक्त घेण्याच्या खोलीत उभे राहून शिकले पाहिजे. तिथे सिस्टर आणि टेक्निशियन हेच त्याचे शिक्षक. याचा कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

आता आपल्या घरापर्यंत येणारे उदाहरण घेऊ. सिकलसेल हा आजार विदर्भात, नंदुरबार-गडचिरोलीच्या आदिवासी पट्ट्यात आणि विदर्भातल्या आपल्या समाजातही मोठ्या प्रमाणावर आढळतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आणि २०४७ चे उद्दिष्ट ठेवले गेले. तपासणी आधीपासूनच चालू आहे, कार्डे वाटली जात आहेत, लग्न जमवण्याआधी कार्ड बघा असे आपणच सांगत असतो. पण हे कार्ड ज्या तपासणीवर उभे आहे ती काय सांगते? गावपातळीवरची सोल्युबिलिटी टेस्ट फक्त रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढेच सांगते. ती व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे तिला कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी करावीच लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात सोल्युबिलिटी फसते. अंगात रक्त फार कमी असले तरी ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. द्रावण जुने झाले तर फसते. अलीकडे रक्त चढवले असेल तर एचपीएलसीचा रिपोर्टही गोंधळात टाकतो, कारण मशीनला रक्तदात्याचे हिमोग्लोबिनही दिसते.

नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल सिकलसेलचे रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. अशा वेळी एक खोटा निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे एका कुटुंबाला दिलेले खोटे आश्वासन. उलट वाहक मुलीच्या कार्डावर रुग्ण असे लिहिले गेले तर तिचे ठरलेले लग्न मोडते आणि वस्तीत तिच्याकडे बघण्याची नजर बदलते. हे टाळायला फार मोठे तंत्रज्ञान लागत नाही. रोज तपासणी सुरू करताना एक माहीत असलेला पॉझिटिव्ह आणि एक माहीत असलेला निगेटिव्ह नमुना सोबत लावायचा. द्रावणाच्या बाटलीवर उघडल्याची तारीख लिहायची. रक्त चढवल्याची विचारणा फॉर्मवर ठेवायची. ही तीन कामे रोज होतात की नाही, हे बघणे म्हणजेच लॅबचे व्यवस्थापन.

मशीनची रोजची परीक्षा घेण्याची पद्धतही अशीच समजायला सोपी आहे. ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे असा कंट्रोल नमुना रोज सकाळी मशीनवर लावतात आणि आलेला आकडा आलेखावर टिंब म्हणून मांडतात. याला लेव्ही-जेनिंग्ज आलेख म्हणतात. ही पद्धत १९५० पासूनची आहे. टिंबे मधल्या रेषेच्या वर-खाली विखुरलेली असावीत. एखादे टिंब फार लांब गेले तर काम थांबवायचे. सलग दहा टिंबे रेषेच्या एकाच बाजूला आली तर एकही टिंब मर्यादेबाहेर नसूनसुद्धा मशीन हळूहळू सरकते आहे, हे ओळखायचे. असे नियम वेस्टगार्ड यांनी १९८१ साली नीट बांधून दिले. आलेख वाचायला दहा मिनिटांत शिकता येते. पण बाहेर चाळीस रुग्ण रांगेत आहेत, वरून फोन येत आहेत आणि तरीही 'आज कंट्रोल लागत नाही, रिपोर्ट थांबवा' असे म्हणण्याचे धैर्य दहा मिनिटांत येत नाही. ते सरावाने येते. तो सराव शिकतानाच, पाठीशी वरिष्ठ उभे असताना, झाला पाहिजे.

रोजचा कंट्रोल ही घरची परीक्षा झाली. बाहेरची परीक्षाही असते. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि दिल्लीचे एम्स अशा संस्था देशभरातील लॅबना उत्तर न सांगता नमुने पाठवतात आणि आलेली उत्तरे इतरांच्या उत्तरांशी ताडून बघतात. नियम असा की, हा नमुना रुग्णाच्या नमुन्यासारखाच एकदा लावायचा. मोह असा होतो की, तो चार वेळा लावावा, शेजारच्या लॅबला विचारावे आणि मग उत्तर पाठवावे. असे केले तर परीक्षेत गुण मिळतात, पण लॅबला स्वतःची खोट कळत नाही. हा मोह का टाळायचा, हेही शिकवण्याचाच भाग आहे.

आता मान्यतेबद्दल. एनएबीएल हे नाव तुम्ही लॅबच्या पाटीवर वाचले असेल. ही संस्था १९८८ पासून काम करते आणि आज भारतीय गुणवत्ता परिषदेचा भाग आहे. वैद्यकीय लॅबसाठी ती आयएसओ १५१८९ हे आंतरराष्ट्रीय मानक लावते. हे मानक २००३ साली पहिल्यांदा आले आणि २०२२ मध्ये त्याची चौथी आवृत्ती निघाली. नव्या आवृत्तीत रुग्णाला होऊ शकणाऱ्या धोक्याचा विचार मध्यभागी आणला आहे. वॉर्डात सिस्टर ज्या ग्लुकोमीटरने साखर बघते, अशा रुग्णाजवळ होणाऱ्या तपासण्यांच्या अपेक्षाही आता याच मानकात आल्या आहेत. म्हणजे लॅबची भिंत वॉर्डापर्यंत सरकली आहे.

मान्यता ऐच्छिक आहे. ती लॅबला सरसकट मिळत नाही, एकेका तपासणीसाठी मिळते. दहा तपासण्यांना मान्यता आणि शंभर तपासण्या चालू, असे असू शकते. बऱ्याच रुग्णांना हे माहीत नसते. नव्या डॉक्टरांनाही ते मुलाखतीला बसल्यावर कळते, असे आम्ही पाहिले आहे.

मान्यतेच्या नावाखाली कागदी घोडे नाचतात, हा आक्षेप आम्ही नाकारत नाही. एका ठिकाणी तपासणी पथक येण्याच्या आदल्या रात्री फ्रिजच्या तापमानाची तीन महिन्यांची नोंद एका बैठकीत, एकाच पेनाने भरताना आम्ही पाहिली आहे. प्रत्येक दिवशी ४ अंश. वीज गेली त्या दिवशीही ४ अंश. तिथले शिकाऊ डॉक्टर ते बघत होते. त्यांनी त्या रात्री मान्यतेचा जो धडा घेतला, तो कोणत्याही व्याख्यानाने पुसला जाणार नाही. शिकवण्याच्या काळात जे रोज दिसते, तेच खरे शिक्षण. म्हणून आमचे म्हणणे असे की, प्रमाणपत्र नंतर, सवय आधी. खरी नोंद ठेवलेल्या वहीत ९ अंश लिहिलेले दिसले आणि त्याखाली 'किट बाजूला काढले, फ्रिज दुरुस्त केला' असे लिहिलेले असले, तर ती वही लाजिरवाणी नाही. तीच खरी वही.

काही जण म्हणतील, एवढा बाऊ कशाला? अमेरिकेचे उदाहरण बघा. १९८७ साली वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये वॉल्ट बोग्डॅनिच या पत्रकाराने तिथल्या लॅबच्या कारभारावर लेखमाला लिहिली. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी स्त्रियांच्या पॅप स्लाइड तपासणाऱ्यांना स्लाइडमागे पैसे देऊन, न झेपणाऱ्या संख्येने स्लाइड बघायला लावले जात होते आणि त्यात कॅन्सर सुटत होते. पुढच्याच वर्षी तिथे लॅबसाठी कडक कायदा झाला आणि त्यानंतरच्या नियमांत एका व्यक्तीने २४ तासांत १०० पेक्षा जास्त स्लाइड बघू नयेत अशी मर्यादा आली. तिथे कायदा यायच्या आधी बायकांनी किंमत मोजली होती. आपल्याकडे केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही आणि मान्यता ऐच्छिक आहे. अशा वेळी रुग्णाच्या बाजूने उभा राहणारा शेवटचा माणूस म्हणजे सही करणारा डॉक्टर. तो तयार करणे याला पर्याय नाही.

मग काय करावे? आमच्या सूचना अशा आहेत.

पहिली, एमडीच्या पहिल्याच वर्षी प्रत्येक निवासी डॉक्टरने एक महिना रक्त संकलन कक्षात आणि नमुना स्वीकारण्याच्या खिडकीवर काढावा. किती नमुने परत गेले आणि का, याची नोंद त्याने स्वतः ठेवावी.

दुसरी, सहा महिने एका मशीनचा कंट्रोल आलेख त्याच्या नावावर असावा. रिपोर्ट सोडायचे की थांबवायचे, हा निर्णय त्याने कारणासह वहीत लिहावा आणि वरिष्ठांनी तो तपासावा.

तिसरी, महिन्यातून एकदा खरोखर घडलेल्या एका चुकीवर बैठक व्हावी. त्यात वॉर्डातली सिस्टर, टेक्निशियन आणि नमुने नेणारे मामा यांनाही बसवावे. कोणी केले हे न विचारता कसे घडले हे विचारावे. चूक सांगणाऱ्याला मेमो मिळणार असेल तर पुढची चूक कोणी सांगणार नाही.

चौथी, प्रत्येकाने एका कामाची कार्यपद्धती सोप्या मराठीत लिहावी आणि नवीन आलेल्या कर्मचाऱ्याला ती वाचून काम जमते का, ते पाहावे. अनेक लॅबमध्ये जाडजूड इंग्रजी फाइल कपाटात असते आणि काम ऐकीव माहितीवर चालते.

पाचवी, पॅथॉलॉजीच्या निवासी डॉक्टरांनी मायक्रोबायॉलॉजीच्या लॅबचे अंतर्गत ऑडिट करावे आणि त्यांनी यांचे. दुसऱ्याची लॅब तपासली की स्वतःची दिसू लागते.

सहावी, पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आता तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे लागते. हा काळ केवळ हजेरीसाठी जाऊ नये. तिथल्या लॅबमधली एक त्रुटी शोधून ती दुरुस्त करून दाखवणे, हे त्याचे काम असावे. विद्यार्थी शिकेल आणि जिल्ह्यातल्या रुग्णालाही काही मिळेल.

सातवी आणि सर्वांत महत्त्वाची, प्रात्यक्षिक परीक्षेत याला गुण असावेत. आलेख समोर ठेवा आणि विचारा, आज रिपोर्ट सोडणार का? रात्री दोन वाजता पोटॅशियम ६.८ आले आहे, काय करणार? 'सिस्टरला फोन करीन, आकडा तिच्याकडून परत वदवून घेईन, वेळ आणि नाव लिहून ठेवीन' हे उत्तर ज्याला येत नाही, त्याला स्लाइड कितीही ओळखता आली तरी तो लॅब चालवायला तयार नाही. जे परीक्षेत नसते, ते आपल्या शिक्षणात शिकवले जात नाही, हे कटू असले तरी खरे आहे.

यावर प्राध्यापक मंडळी म्हणतात, वेळ कुठे आहे? रुग्णांचा भार, अपुरे कर्मचारी, बंद पडलेली मशीन, आमच्याच लॅबला मान्यता नाही, आम्ही काय शिकवणार? त्यांची अडचण खरी आहे. सरकारने रिक्त पदे भरली पाहिजेत, किटसाठी वेळेवर पैसे दिले पाहिजेत आणि याची मागणी आपण सर्वांनी केली पाहिजे. पण तापमापक, आलेखाचा कागद, वही आणि पेन यांना मोठा निधी लागत नाही. ज्या लॅबमध्ये अडचणी जास्त, तिथेच हे शिक्षण जास्त उपयोगी पडते. छोट्या लॅबसाठी एनएबीएलने सुरुवातीच्या पायरीची सोपी योजनाही ठेवली आहे. सगळे सुरळीत झाल्यावर गुणवत्ता शिकवू, असे म्हणत राहिलो तर ती कधीच शिकवली जाणार नाही.

वाचकहो, यात आपलेही काम आहे. रक्त देताना तुमचे पूर्ण नाव आणि वय तुमच्याच तोंडून विचारले जाते का, ते बघा. ट्यूबवर तुमचे नाव तुमच्यासमोर लिहून घ्या. रिपोर्टवर सही करणाऱ्या डॉक्टरांचे नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक आहे का, ते वाचा. एकच पॅथॉलॉजिस्ट एकाच दिवशी चार तालुक्यांतल्या लॅबच्या रिपोर्टवर सही करत असेल, तर तो त्या चारही ठिकाणी कसा होता, हा प्रश्न नम्रपणे पण मोठ्याने विचारा. पाटीवर मान्यतेचे चिन्ह असेल तर 'माझी ही तपासणी त्यात येते का?' असे विचारा. घरात सिकलसेलचे कार्ड असेल तर ते सोल्युबिलिटीवर दिले आहे की पुढच्या तपासणीनंतर, हे आरोग्य केंद्रात जाऊन विचारून घ्या. जुने रिपोर्ट फेकू नका. आज हिमोग्लोबिन १२ आणि परवा ७ आले, तर आधी घाबरण्याऐवजी पुन्हा तपासणी मागा.

आपल्या वस्त्यांमधली मुले-मुली आज डीएमएलटी करून टेक्निशियन होत आहेत, नर्सिंग करत आहेत आणि काही एमडीपर्यंत पोहोचत आहेत. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. तुमच्या हातात येणाऱ्या प्रत्येक ट्यूबच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस आहे आणि बहुतेक वेळा त्याने त्या दिवसाची मजुरी बुडवून रक्त दिलेले आहे. त्याला मिळणारा आकडा खरा असावा. तो खरा कसा ठेवायचा, हे शिकवण्याची मागणी विद्यार्थ्यांनी आपल्या विभागाकडे करावी, विभागांनी विद्यापीठाकडे करावी आणि आपण रुग्णांनी दोघांकडेही करावी. एमडीच्या पुढच्या परीक्षेत एक आलेख आणि एक प्रश्न आला, तरी सुरुवात झाली असे आम्ही समजू.